आधी वहीत अंदाज, मग पडद्यावर शोध : आठवी ते दहावीच्या मुलांना विचार करायला लावणारे डिजिटल तास

वर्गात प्रोजेक्टर लावला, चांगला व्हिडिओ दाखवला, मुलं शांतपणे बघत राहिली आणि तास संपला. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा प्रश्न जरा फिरवून विचारला, की सगळा वर्ग गप्प. हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा आहे. व्हिडिओत खोट असतेच असं नाही. तो बघताना मुलांना स्वतः काही ठरवावं लागलेलं नसतं, म्हणून डोक्यात काही उरत नाही.

या लेखातल्या सगळ्या कृती एकाच नियमावर उभ्या आहेत. पडदा सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज किंवा मत वहीत पेनाने लिहायचं. पडदा बंद झाल्यावर ते मत टिकलं की बदललं, हे कारणासह त्याखाली लिहायचं. साधन कोणतंही असो, हे दोन टप्पे गाळले तर तो तास करमणुकीचा होतो. ते पाळले, तर शाळेतल्या एकुलत्या एक जुन्या संगणकावरही उत्तम काम होतं.

सुरुवातीची तयारी

एका तासिकेला एकच कौशल्य धरा. अंदाज बांधून तो तपासणं, माहिती कुठून आली ते शोधणं, आकड्यांचा अर्थ लावणं, परस्परविरोधी दाव्यांतून आपलं मत बनवणं, ही चार कौशल्यं माध्यमिक वर्गांसाठी पुरेशी आहेत. आधी कौशल्य ठरवा, मग पाठ्यपुस्तकातला घटक आणि साधन सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा उलट करतो. एखादं ॲप आवडतं आणि मग ते कुठे बसवता येईल हे शोधत बसतो.

चार मुलांमागे एक मोबाइल, टॅब किंवा संगणक असला की भागतं. प्रत्येकाला एक मोबाइल दिला तर चर्चाच होत नाही, म्हणून साधनं भरपूर असतील तरी गट चारचाच ठेवा. साधन ज्याच्या हातात आहे त्याने लिहायचं नाही, जो लिहितो त्याने पडद्याला बोट लावायचं नाही. उरलेल्या दोघांपैकी एक जण दर वेळी ‘कशावरून?’ असं विचारेल आणि दुसरा वेळ सांभाळेल. दर दहा मिनिटांनी कामं बदला. मुलामुलींच्या मिश्र गटात माउस मुलांच्याच हाती राहतो. वेळ लावून केलेली अदलाबदल त्यावर सांगण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

नेटवर्कच्या भरवशावर तास आखू नका. जे उतरवून ठेवता येतं ते आदल्या दिवशीच उतरवा. वेबसाइट दाखवायची असेल तर तिच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कृती १ : विज्ञानातला अंदाज आणि सिम्युलेशन

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प २००२ पासून चालू आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी तो सुरू केला. त्यातली सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, मोफत आहेत, काही मराठीतही आहेत आणि बरीचशी उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन नववी-दहावीसाठी मला सर्वांत उपयोगी वाटतं, कारण या विषयात मुलांच्या डोक्यात एक घट्ट गैरसमज बसलेला असतो.

फळ्यावर एक परिपथ काढा. ९ व्होल्टची बॅटरी आणि एकसर जोडणीत १० ओहमचे दोन दिवे. प्रश्न विचारा : पहिल्या आणि दुसऱ्या दिव्यापैकी जास्त प्रकाश कोणाचा? दोन मिनिटं कोणीही बोलायचं नाही, वहीत उत्तर आणि कारण लिहायचं. बरीच मुलं पहिला दिवा जास्त उजळेल असं लिहितात, कारण ‘थोडा करंट पहिल्याच दिव्यात संपतो’. हात वर करायला सांगून फळ्यावर मतं मोजा. कोण बरोबर हे अजिबात सांगू नका, चेहऱ्यावरसुद्धा दिसू देऊ नका.

आता गटांना परिपथ जोडू द्या. दोन्ही दिवे सारखेच लागतात. अमीटर पहिल्या दिव्याच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर लावून पाहायला सांगा. तिन्ही ठिकाणी सुमारे ०.४५ अँपिअर दिसतो. विद्युतधारा संपत नाही हे मुलांनी स्वतः मोजलेलं असतं. लगेच पुढचा प्रश्न वहीत घ्या : हेच दिवे समांतर जोडले तर बॅटरीतून निघणारी धारा वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? इथे हुशार मुलंही अडखळतात. एक दिवा वाढला म्हणजे अडथळा वाढला, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक दिव्यातून ०.९ आणि बॅटरीतून १.८ अँपिअर धारा जाते. हे पाहिल्यावर ‘असं का?’ हा प्रश्न मुलंच विचारतात आणि समांतर जोडणीत परिणामी रोध कमी का होतो, हे समजावून सांगायला त्याहून चांगली वेळ नाही.

इथे थांबू नका. टॉर्चचे दोन खरे बल्ब आणि सेल आणून तोच परिपथ टेबलावर जोडा. वाचनं सिम्युलेशनइतकी नेमकी जुळत नाहीत. का जुळत नाहीत? बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, सेललाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो, दोन बल्ब हुबेहूब सारखे नसतात. पडद्यावरचं प्रारूप सोयीसाठी काय वगळतं, हे ओळखणं हाच या कृतीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. वेळ कमी पडला तर दुसरा एखादा भाग गाळा, हा गाळू नका.

भूमितीत हेच ‘जिओजेब्रा’ या गणिताच्या सॉफ्टवेअरवर करता येतं. त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवण्याआधी काय बदलेल आणि काय तसंच राहील हे लिहून घ्यायचं. पद्धत तीच, म्हणून इथे विस्तार करत नाही.

कृती २ : मोबाइलवर आलेल्या मजकुराची पडताळणी

हा विषय महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले लोक होते. त्या काळात देशभर अशा अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. त्यांच्यासोबत फिरणाऱ्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेची बालसुरक्षेबद्दलची जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि जनजागृतीचा फलक दाखवतात. तो शेवट कापून टाकला होता.

दहावीच्या मुलांना हे सांगावं, आणि सरळ सांगावं. मेलेल्यांचे फोटो किंवा मारहाणीची दृश्यं मात्र वर्गात कधीही दाखवू नयेत. शेवट कापला की अर्थ कसा उलटतो, हे शब्दांतूनही मुलांना पुरेसं कळतं.

पडताळणी शिकवताना एक संशोधन हाताशी ठेवा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस अनोळखी वेबसाइट कशा तपासतात, हे पाहिलं. त्यांचा अहवाल २०१७ मध्ये आला. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या वेबसाइटवरच थांबून तिचं रूप, भाषा, बोधचिन्ह बघत राहिले आणि अनेकदा फसले. तपासनीस मात्र ते पान चटकन सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते शोधलं. आपण मुलांना ‘नीट, लक्ष देऊन वाचा’ एवढंच सांगतो. अनोळखी स्रोतासमोर आधी बाहेर पडून चौकशी करायची सवय वेगळी शिकवावी लागते.

वर्गातला क्रम असा ठेवा.

पहिल्या तासाला सहा मजकूर छापून द्या, तीन खरे आणि तीन खोटे. खोट्यांसाठी धर्म किंवा पक्षाशी संबंध नसलेली उदाहरणं घ्या. ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. असा कोणताही पुरस्कार युनेस्कोने दिलेला नाही. २०१६ मध्ये दोन हजारांची नोट आली तेव्हा तिच्यात नॅनो चिप असल्याची अफवा होती, तीही चालते. खऱ्यांमध्ये ऐकायला अशक्य वाटणारं काही ठेवा. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ही बातमी खरी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण असल्याचं सांगितलं.

खरे आणि खोटे मजकूर निम्मे-निम्मे ठेवण्यामागे ठोस कारण आहे. नुसतंच खोटं तपासायला दिलं की महिन्याभरात मुलं प्रत्येक गोष्टीला ‘फेक आहे’ म्हणायला लागतात. सरसकट अविश्वास हाही न तपासता काढलेला निष्कर्षच असतो.

प्रत्येक मुलाने प्रत्येक मजकुराला शून्य ते दहा असा विश्वासाचा आकडा वहीत द्यावा. मग गटांनी तीन प्रश्न घेऊन शोध घ्यावा. हे मूळ कोण सांगतंय? इतर विश्वासार्ह ठिकाणी याबद्दल काय आहे? चित्र किंवा व्हिडिओ असेल तर तो सर्वांत आधी कधी आणि कुठे दिसला? तिसऱ्या प्रश्नासाठी व्हिडिओ स्पष्ट दिसणाऱ्या क्षणी थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि गूगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनावर, शोधायचा. निकालांत सर्वांत जुनी तारीख शोधायला सांगा, कारण वरचा निकाल जुना असेलच असं नाही. शोध संपल्यावर विश्वासाचा आकडा पुन्हा लिहायचा. दोन आकड्यांमधला फरक आणि त्याचं कारण यावरच वर्गात बोलायचं.

व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला म्हणजे तो संदेश अनेक हातांतून आलेला आहे, हेही याच वेळी दाखवा. बऱ्याच मुलांनी तो बाण रोज पाहिलेला असतो, पण त्याचा अर्थ माहीत नसतो.

दहावीच्या इतिहासातल्या ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ या प्रकरणाला ही कृती नेमकी जोडता येते. एप्रिल १९८३ मध्ये जर्मनीतल्या ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या मिळाल्याचं जाहीर केलं. काही दिवसांतच तपासणीत त्या बनावट ठरल्या. कागदात दुसऱ्या महायुद्धानंतरच वापरात आलेला पदार्थ सापडला होता. नावाजलेलं साप्ताहिकही फसू शकतं आणि वस्तुनिष्ठ तपासणीने ते उघड होतं, या दोन्ही गोष्टी मुलांनी एकत्र पाहिल्या पाहिजेत.

कृती ३ : पावसाचे आकडे

राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर तालुकावार पावसाची नोंद मिळते. आपल्या तालुक्याचे जून ते सप्टेंबरचे आकडे मुलांनी स्वतः स्प्रेडशीटमध्ये भरावेत. हे काम कंटाळवाणं आहे, तरी करून घ्या. आकडे हाताखालून गेले की कोरडे आठवडे लक्षात राहतात.

आलेख काढण्याआधीचा प्रश्न : ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला’ असं ऐकलं तर आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याचं वर्ष चांगलं गेलं असं म्हणता येईल का?

साताऱ्याचं उदाहरण द्या. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० मिलीमीटरच्या आसपास. या दोन्हींना एकत्र धरून काढलेली सरासरी माणच्या शेतकऱ्याला काय सांगणार? शिवाय हवामान विभागाच्या वर्गवारीत जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त असला तरी तो ‘सर्वसाधारण’ धरला जातो. मग मुलांना पावसाचे दिवस मोजायला लावा. दिवसभरात २.५ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर हवामान विभाग तो पावसाचा दिवस मानतो. एकूण पाऊस जवळपास सारखा, पण पावसाचे दिवस खूप वेगळे, अशी दोन वर्षं शोधायला सांगा. पेरणीनंतर सलग किती दिवस कोरडे गेले तेही मोजू द्या. शेतकरी कुटुंबातली मुलं इथे शिक्षकांपेक्षा पुढे जातात. त्यांना बोलू द्या.

आता एका गटाला त्याच आकड्यांवरून ‘पाऊस भरपूर झाला’ असं पटवणारा आलेख काढायला सांगा, दुसऱ्याला ‘पावसाने दगा दिला’ असं पटवणारा. दोघांनीही एकही आकडा बदलायचा नाही. कोण उभा अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू करतो, कोण सोयीचे महिने निवडतो. स्वतः असा आलेख एकदा काढलेला मुलगा पुढे वर्तमानपत्रातला आलेख पाहताना आधी अक्षाकडे बघतो. या एका सवयीसाठी मी दोन तासिका आनंदाने देईन.

‘जलसुरक्षा’ विषयाच्या प्रकल्पात हे सगळं बसतं. जोडीला घरातल्या किंवा गल्लीतल्या वडीलधाऱ्यांची १९७२ च्या दुष्काळाबद्दलची आठवण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा, अर्थातच त्यांना विचारून. आठवण आणि नोंद कुठे जुळतात, कुठे नाहीत, आणि आठवणीत असं काय आहे जे कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही, हे तीन प्रश्न पुरतात.

कृती ४ : दोन उत्तरं, दोन्ही अभ्यासकांची

लोणार सरोवराचं वय किती? मुलांना मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया आणि आणखी एखादा स्रोत अशा तीन ठिकाणी शोधायला लावा. विश्वकोशातल्या नोंदी तज्ज्ञांनी लिहून संपादित केलेल्या असतात, पण अनेक नोंदी जुन्या असल्याने त्यांतली आकडेवारीही जुनी असते. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणीही बदल करू शकतं, पण प्रत्येक बदल ‘इतिहास’ या टॅबमध्ये तारखेसह दिसतो. हा टॅब मुलांना उघडून दाखवाच. लेख माणसं लिहितात आणि दुरुस्तही करतात, हे त्यातून डोळ्यांना दिसतं.

लोणारच्या वयाचे दोन फार वेगळे अंदाज समोर येतात, सुमारे ५२ हजार वर्षं आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. मुलं लगेच विचारतात, बरोबर कोणतं? उत्तर देऊ नका. दोन्ही शास्त्रीय मोजमापांतून आलेले आहेत. पहिला उष्णतेने खनिजांतून बाहेर पडणारा साठलेला प्रकाश मोजून, दुसरा आघाताने वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून. कोणत्या पद्धतीत काय मोजतात, कुठे चूक शिरू शकते, नंतरचं संशोधन कोणतं, हे शोधून गटाने एक परिच्छेद लिहावा. त्यात ‘आम्हाला अमुक अंदाज जास्त पटतो, कारण’ आणि ‘आमचं मत बदलायचं तर आम्हाला काय दिसायला हवं’ ही दोन वाक्यं असलीच पाहिजेत. दुसरं वाक्य लिहिताना मुलांना घाम फुटतो. तिथेच त्यांना वेळ द्या.

एआय चॅटबॉटचा वापर या टप्प्यावर करावा, त्याआधी नको. परिच्छेद लिहून झाल्यावर शिक्षकांनी स्वतःच्या खात्यावरून, प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर चॅटबॉटला तोच प्रश्न विचारावा. तो कोणता आकडा देतो, दुसऱ्या अंदाजाचा उल्लेख करतो का, त्याने दिलेला संदर्भ खरंच अस्तित्वात आहे का, हे मुलांनी तपासावं. नंतर त्याला ‘आमच्या मताविरुद्ध सर्वांत भक्कम मुद्दा सांग’ असं विचारावं आणि मुलांनी त्या मुद्द्याला उत्तर द्यावं. चॅटबॉटकडून आयतं उत्तर घेण्यापेक्षा त्याच्याशी वाद घालायला शिकलेली मुलं त्याचा वापर पुढेही नीट करतील, असं मला मनापासून वाटतं.

गुण कसे द्यायचे

सुबक सादरीकरणाला गुण दिले की मुलं रंगीत स्लाइड करण्यात वेळ घालवतात. वहीत चार रकाने आखून घ्या : माझा अंदाज, मिळालेला पुरावा, उरलेली शंका, आताचं मत. अंदाज चुकल्याबद्दल गुण कापायचे नाहीत. पुराव्यासोबत स्रोत लिहिलाय का, शंका खरी आहे की जागा भरायला लिहिली आहे, आणि मत बदललं किंवा टिकलं त्याचं कारण पुराव्याला धरून आहे का, एवढंच पाहा. अंदाजाचा रकाना पेनाने लिहून घेतला असेल तर नंतर खाडाखोड करून ‘मला आधीच माहीत होतं’ म्हणता येत नाही.

मुलांची सुरक्षितता

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. म्हणून मुलांच्या नावाने नवी खाती उघडायला लावू नका. जिथे खात्याशिवाय काम होतं अशीच साधनं निवडा. मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ शाळेच्या गटावर टाकण्याआधी पालकांना विचारा. घरचा मोबाइल आणायला सांगणार असाल तर कोणत्या दिवशी, किती वेळ आणि कशासाठी हे पालकांना आधी लिहून कळवा. ज्यांच्या घरी मोबाइल देणं शक्य नाही, त्या मुलांना ते वर्गात बोलून दाखवावं लागू नये.

वर्षात कधी काय

पावसाची नोंद जूनमध्ये शाळा उघडताच सुरू करा, म्हणजे आलेख काढायला सप्टेंबरअखेर पूर्ण हंगाम हाताशी असेल. परिपथाची कृती तो घटक शिकवण्याआधी घ्या, कारण शिकवून झाल्यावर मुलं अंदाजाऐवजी पाठ केलेलं उत्तर लिहितात. पडताळणीचे दोन तास गणपतीच्या सुट्टीआधी झालेले बरे, सणासुदीत फॉरवर्डचा पूर येतो आणि मुलांना लगेच सराव मिळतो. लोणारची कृती दिवाळीनंतर घ्या. दहावीच्या वर्गात पूर्वपरीक्षा जवळ आली की नवी कृती काढू नका. जुन्या वह्यांतले चार रकाने उघडून, शेजारच्याला त्याच्या एका बदललेल्या मताचं कारण विचारायला लावा. त्याला तासातली दहा मिनिटं पुरतात.